दोन चिठ्ठ्या, एक शरीर

"बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यावर दारू सोडायची गोळी दिली तर चालते का?" नांदेड-लातूर भागात हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत फार कमी वेळा विचारला जातो. तो मेडिकलच्या काउंटरवर विचारला जातो. आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना हे आधी बघितलं जातं, आणि विचारणारा बहुतेक वेळा रोगी नसतोच. त्याची बायको किंवा मुलगा असतो. काउंटरमागचा माणूस 'चालते' म्हणतो, नाहीतर 'डॉक्टरांना विचारा' म्हणतो. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत, पण दोन्ही अपुरी आहेत. पुढच्या पानांत या प्रश्नाचं पुरेसं उत्तर आहे. ते वाचण्याआधी वाचकाच्या मनात विषयाचा नकाशा तयार व्हावा, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

दारू सोडायची म्हणून जी गोळी आज मनोविकारतज्ज्ञ अनेकदा लिहून देतात, ती नालट्रेक्सोन. अमेरिकेत तिला 1984 मध्ये मान्यता मिळाली ती अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी. दारूसाठी मान्यता मिळाली 1994 मध्ये. तिचं थोरलं भावंड नॅलोक्सोन, जे दवाखान्यात इंजेक्शन म्हणून असतं. मॉर्फिन किंवा हेरॉइन जास्त झाल्याने श्वास मंदावलेल्या माणसाला ते मिनिटांत शुद्धीवर आणतं. दोन्ही औषधं एकाच पद्धतीने काम करतात. मेंदूत, पाठीच्या कण्यात, आतड्यात अफूचे रेणू जिथे जाऊन बसतात, त्या जागा म्हणजे रिसेप्टर. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी ही औषधं ती जागा धरून ठेवतात. स्वतः काही करत नाहीत, पण दुसऱ्याला बसू देत नाहीत. आधी कुणी बसलेलं असेल, तर त्याला उठवूनही लावतात. सगळा धोका या शेवटच्या वाक्यात आहे, आणि तो पुढे सविस्तर येईल.

आता बीपीच्या गोळ्या. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या नेहमीच्या गोळ्या म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन, आणि त्यांनी भागलं नाही तर क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम नोव्हेंबर 2017 मध्ये सुरू झाला, त्याच्या उपचारपद्धतीतही हीच नावं आहेत. या गोळ्यांचं आणि नालट्रेक्सोनचं थेट भांडण नाही. अनेक औषधं यकृतातल्या सायटोक्रोम नावाच्या विकरांवर एकमेकांना अडवतात. नालट्रेक्सोन त्या वाटेने जातच नाही. त्यामुळे काउंटरवरचं 'चालते' हे उत्तर रसायनाच्या हिशोबाने बरोबर ठरतं. पण रोग्याचं शरीर म्हणजे नुसतं यकृत नव्हे. ही दोन औषधं जिथे खरी भेटतात ती जागा मेंदूच्या तळाशी आहे, जिथून हृदयाची गती आणि रक्तवाहिन्यांचा ताण ठरतो. आणि दुसरी जागा आहे रोग्याच्या खिशात, जिथे दोन वेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींना न भेटता पडून असतात.

मेंदूतल्या त्या भेटीची गोष्ट क्लोनिडीन या औषधाशिवाय सांगता येत नाही. आपल्याकडे मेडिकलवाले त्याला 'आर्कामिन' या नावाने ओळखतात. जर्मनीत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते तयार झालं ते नाक चोंदल्यावर घालायचे थेंब म्हणून. सर्दी झालेल्या एका सचिव महिलेच्या नाकात ते घातले, आणि ती जवळजवळ दिवसभर झोपून राहिली, रक्तदाबही खूप उतरला. शास्त्रज्ञांनी थेंबांचा नाद सोडला आणि 1966 मध्ये ते बीपीचं औषध म्हणून बाजारात आणलं. मेंदूतून बाहेर पडणारा 'ताण वाढव' हा संदेशच ते कमी करतं. पुढे 1978 मध्ये गोल्ड, रेडमंड आणि क्लेबर यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं की हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांची सवय एकदम तोडल्यावर होणारी तडफड क्लोनिडीनने बरीच शमते. मेंदूच्या तळाशी एक छोटा निळसर ठिपका आहे. अफू त्याला दाबून ठेवते, अफू गेली की तो उसळतो, आणि क्लोनिडीन त्याला वेगळ्या वाटेने पुन्हा शांत करतं. म्हणजे बीपीची एक गोळी व्यसनमुक्तीचं औषध झाली. आजही आपल्याकडे ती दोन्ही कामांसाठी लिहिली जाते, आणि चिठ्ठी बघून ती कशासाठी आहे हे कळत नाही.

त्याच वर्षी, 1978 मध्ये, हॉलडे आणि फेडन यांनी 'नेचर'मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. जिवाणूंच्या विषाने रक्तदाब कोसळलेल्या उंदरांना नॅलोक्सोन दिलं, तर तो पुन्हा वर आला. त्या उंदरांना कुणी अफू दिलेली नव्हती. मग नॅलोक्सोनने उठवलं कुणाला? उत्तर तीन वर्षांपूर्वी, 1975 मध्ये, स्कॉटलंडच्या अ‍ॅबर्डीनमध्ये ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांनी देऊन ठेवलं होतं. शरीर स्वतःच अफूसारखे रेणू बनवतं. आघात, धक्का, वेदना यांच्या वेळी ते सुटतात, आणि त्यांच्यापैकी काही रक्तदाब खाली ओढतात. माणसांत शॉकच्या उपचारासाठी नॅलोक्सोन वापरून पाहिलं गेलं. रक्तदाब वाढतो हे दिसलं, पण त्याने जीव वाचतात हे सिद्ध झालं नाही, म्हणून ते त्या कामासाठी रूढ झालं नाही. तरी एक गोष्ट कायमची ठरली: अफू न घेतलेल्या माणसाच्या रक्तदाबातही अफूच्या जागांचा हात असतो.

मग 1979 मध्ये फारसांग आणि कुनोस यांनी या दोन धाग्यांची गाठ मारली. जन्मतः उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांत क्लोनिडीनने उतरलेला दाब नॅलोक्सोनने पुन्हा चढला. म्हणजे क्लोनिडीनचा परिणाम काही प्रमाणात शरीराच्या स्वतःच्या अफूमार्फत होत असावा. माणसांवरच्या अभ्यासांनी मात्र एकमुखाने हो म्हटलं नाही. काही रुग्णांत हा उलटा परिणाम दिसला, काहींत नाही. आणि काही संशोधकांना तो मुळीच सापडला नाही. मला हा मतभेद लपवायचा नाही, कारण दवाखान्यात बसणाऱ्याच्या कामाचा तोच आहे. क्लोनिडीनवर असलेल्या बीपीच्या रोग्याला नालट्रेक्सोन सुरू केलं, तर दाब वाढेलच असं नाही आणि वाढणार नाही असंही नाही. पहिले काही दिवस तो मोजला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. मोजायला पारा लागत नाही, पैसा फारसा लागत नाही, वेळ लागतो.

मराठी वाचकाला व्यसनमुक्ती म्हटलं की पुण्याचं मुक्तांगण आठवतं. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने ते उभं केलं, तेव्हा समोर प्रश्न होता ब्राउन शुगरचा, म्हणजे गर्दचा. शहरी पोरांचा प्रश्न अशीच त्याची प्रतिमा झाली. मराठवाड्यात आपण आजही असं धरून चालतो की इथे व्यसन म्हणजे दारू, फार तर गुटखा. अफूजन्य पदार्थ इथले नाहीत, ही समजूत मला धोक्याची वाटते.

तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला आणि तिथून पुढे यवतमाळ-नागपूरकडे जाणारा महामार्ग आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या मधून जातो. रात्ररात्र जागून गाडी हाकणारे चालक देशभर डोडा वापरतात, ज्याला उत्तरेत भुक्की म्हणतात: अफूच्या बोंडाचा वाळलेला भुसा, चहात उकळून किंवा पाण्यासोबत घेतलेला. त्यात मॉर्फिन असतं, कोडीन असतं. नोव्हेंबर 2021 मध्ये अमली पदार्थ नियंत्रण विभागाने नांदेड शहराजवळ कामठ्यात छापा टाकून शंभर किलोहून अधिक डोडा आणि अफू पकडली, तेव्हा तो माल कुणासाठी होता हा प्रश्न कुणी फार विचारला नाही. वाहतुकीच्या धंद्यातला पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं, झोप तुटलेली, खाणं ढाब्यावरचं: याला उच्च रक्तदाब असण्याची शक्यता मोठीच. आणि त्याच माणसाच्या शरीरात रोज थोडं मॉर्फिन जात असेल, तर ते तो कुणाला सांगणार? 'दारू पिता का' असं विचारलं तर तो खरं सांगेल. 'डोडा घेता का' असं कुणी विचारतच नाही.

अशा माणसाला दारूसाठी म्हणून नालट्रेक्सोनची गोळी मिळाली, तर ती मॉर्फिनला जागेवरून उठवून लावते. ते हळूहळू होत नाही, एकदम होतं. तासाभरात घाम, जांभया, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, अंगावर काटा, असह्य अस्वस्थता. अ‍ॅड्रेनॅलिनचा लोट उसळतो, नाडी धावते, रक्तदाब चढतो. तरुण, धडधाकट माणूस त्यातून तळमळून बाहेर येतो. ज्याचा रक्तदाब आधीच वर आहे, ज्याचं हृदय जाड झालंय, त्याला हाच लोट फार महागात पडू शकतो. आणि उलट्या-जुलाबांनी पाणी गेलं की चित्र फिरतं. त्याच रोग्याने सकाळी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन घेतलेलं असतं. शरीरातलं पाणी कमी, त्यात किडनीचा दाब उतरवणारी गोळी, त्यात लघवी वाढवणारी गोळी. मे महिन्यात, नांदेडचा पारा चाळिशीच्या वर असताना, ही तिन्ही एकत्र आली तर किडनी बसू शकते. म्हणूनच नियम असा की नालट्रेक्सोनच्या आधी किमान सात ते दहा दिवस कुठलाही अफूजन्य पदार्थ पोटात गेलेला नसावा, आणि मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन चालू असेल तर दोन आठवड्यांपर्यंत थांबावं.

कुठलाही म्हणताना तो शब्द मनापासून घ्यायचा. गुडघेदुखीसाठी लिहिलेलं ट्रॅमाडॉल यात येतं. 2018 पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, पण घराघरांतल्या औषधाच्या डब्यात जुन्या पट्ट्या असतात, आणि रोगी त्यांना 'दुखण्याची गोळी' एवढंच म्हणतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यात येतं. आणि नांदेडपुरतं आणखी एक सांगायला हवं. तख्त सचखंड हजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून वर्षभर वयस्कर यात्रेकरू येतात. पंजाब सरकारने ओपीडीतून व्यसनमुक्तीचे दवाखाने चालवले आहेत, तिथे ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलोक्सोनची जोडगोळी दिली जाते. ती औषध म्हणून, उपचार म्हणून घेणारा माणूस बीपीसाठी नांदेडच्या एखाद्या दवाखान्यात आला, तर त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून बघू नये आणि ती गोळी तोडूही नये. जिभेखाली ठेवल्यावर तिच्यातलं नॅलोक्सोन फारसं रक्तात जात नाही, त्यामुळे बीपीवर त्याचा उपद्रव नसतो. पण तिच्यावर नालट्रेक्सोन देणं म्हणजे वर सांगितलेलं सगळं ओढवून घेणं.

अफूजन्य पदार्थ तुटल्यावरची तडफड शमवायला क्लोनिडीन दिलं जातं आणि रोगी आधीच बीपीच्या गोळ्यांवर असतो, तेव्हा दाब उलट दिशेने घसरतो. उठल्यावर अंधारी येते, न्हाणीघरात माणूस पडतो. प्रत्येक डोसाआधी बीपी बघणं, वरचा आकडा 90 च्या खाली असेल तर तो डोस न देणं, हे साधे नियम व्यसनमुक्ती केंद्रातल्या प्रत्येक परिचारिकेला तोंडपाठ असायला हवेत. क्लोनिडीन एकदम बंद करायचं नाही, हेही. ते अचानक थांबलं की दाब मूळच्याही वर उसळतो, आणि रोगी अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकरवर असेल तर ही उसळी जास्त वाईट असते. दोन्ही बंद करायची असतील, तर आधी बीटा-ब्लॉकर काढायचा, काही दिवस जाऊ द्यायचे, मग क्लोनिडीन हळूहळू उतरवायचं. केंद्रातून 'पंधरा दिवसांचा कोर्स झाला' म्हणून घरी पाठवलेल्या माणसाची पट्टी गावात संपते, तेव्हा हे कुणाच्या लक्षात येणार?

आता दारूकडे येतो, कारण आकड्यांनी नव्हे तरी अनुभवाने आपल्या भागातलं हेच मोठं प्रकरण आहे. रोज पिणारा माणूस बीपीच्या दोन-तीन गोळ्यांवर असतो आणि तरी दाब खाली येत नाही. डॉक्टर तिसरी, चौथी गोळी वाढवतात. मग एक दिवस तो नालट्रेक्सोन घेतो आणि दारू कमी होते. पहिले दोन-तीन दिवस दाब चढतो, कारण दारू तुटल्याचा तो परिणाम असतो. पुढच्या काही आठवड्यांत मात्र दाब उतरू लागतो. दिवसाला सहाहून जास्त पेग घेणाऱ्यांनी पिणं निम्म्यावर आणलं, तर वरचा आकडा सरासरी साडेपाच अंकांनी उतरतो, असं 2017 च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. म्हणजे एखाद्या गोळीच्या तोडीचा परिणाम. गोळ्या मात्र जुन्याच चालू राहतात. शेतात उन्हात उभ्या माणसाला चक्कर येते. घरचे म्हणतात, दारूच्या गोळीने अशक्तपणा आला, आणि बंद करतात ती नेमकी नालट्रेक्सोन! बंद करायला हवी होती ती बीपीची चौथी गोळी. या एका गैरसमजाने किती माणसं पुन्हा गुत्त्यावर गेली असतील, याचा विचार केला की जीव तुटतो. या पुस्तिकेचं सगळ्यात महत्त्वाचं पान कुठलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगेन: दारू सुटत असताना बीपीच्या गोळ्यांचा हिशोब पुन्हा मांडा.

घरच्या बायकांना आणखी एक सांगणं आहे, आणि ते रागावून नाही. दारू सोडायच्या सगळ्या गोळ्या एकाच जातीच्या नसतात. नालट्रेक्सोन दारूची मजा कमी करते. दुसरी डायसल्फिराम, तिच्यावर दारू प्याली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, दाब कोसळतो. भाजीत, वरणात गुपचूप मिसळून दिली जाते ती बहुधा हीच. बीपीच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाचा दाब असा एकदम कोसळला तर जीव जाऊ शकतो. नवऱ्याच्या नकळत गोळी देण्यामागचं दुःख मी समजू शकतो, ते वर्षानुवर्षांचं असतं. तरीही त्याला सांगितल्याशिवाय डायसल्फिराम देऊ नका.

बाकी काही जोड्या आपल्याकडे क्वचित भेटतील, म्हणून थोडक्यात. कर्करोगाच्या मॉर्फिनने होणाऱ्या बद्धकोष्ठतेवर परदेशात नॅलोक्सेगॉल देतात. ते सायटोक्रोमच्या वाटेने जातं आणि डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल या बीपी-हृदयाच्या गोळ्या त्याची रक्तातली पातळी वाढवतात. अमेरिकेतले मुलगे-मुली वजन कमी करायला नालट्रेक्सोन आणि ब्युप्रोपिऑनची संयुक्त गोळी घेतात, 2014 पासून तिथे ती मिळते, आणि सुट्टीत येताना आईसाठीही घेऊन येतात. ती रक्तदाब आणि नाडी वाढवू शकते, आटोक्यात नसलेल्या बीपीत ती वर्ज्य आहे, शिवाय तिच्यातलं ब्युप्रोपिऑन मेटोप्रोलॉलची पातळी वाढवतं. लातूरच्या आईला ती गोळी देऊ नये, एवढं पुरे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर मात्र हे प्रकरण कुणालाही गाठू शकतं. भूल उतरवताना नॅलोक्सोन भरभर दिलं तर बीपीच्या रोग्याचा दाब भडकतो, फुप्फुसात पाणी भरू शकतं. म्हणून भूलतज्ज्ञ ते थेंबाथेंबाने देतात. उलट, नालट्रेक्सोनवर असलेल्या माणसाचा अपघात झाला तर नेहमीच्या मात्रेत मॉर्फिन लागू पडत नाही. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी गोळी साधारण बहात्तर तास बंद ठेवतात. अपघात आधी कळवून होत नाही, म्हणून भूलतज्ज्ञाला दुसरी वाट निवडावी लागते, आणि त्यासाठी त्याला हे माहीत असावं लागतं. टेबलाबाहेरचा एक धोकाही इथेच सांगतो: नालट्रेक्सोन सुटल्यावर जुन्या मात्रेत डोडा किंवा गर्द घेणाऱ्याचा श्वास थांबू शकतो, कारण शरीराची सवय गेलेली असते.

विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, या दोन्ही ठिकाणी औषधवैद्यक आणि मनोविकार हे दोन्ही विभाग आहेत. रोगी एका विभागातून दुसऱ्यात जातो; कागद बऱ्याचदा जात नाही. मनोविकाराची चिठ्ठी लोक लाजेने पिशवीच्या तळाशी ठेवतात आणि फिजिशियनसमोर फक्त बीपीची फाईल काढतात. या लाजेवर औषध नाही, पण समोरच्याने नीट विचारलं तर ती कमी होते. माझी डॉक्टरांना विनंती आहे: बीपीच्या प्रत्येक रोग्याला दारूबरोबर डोडा, दुखण्याच्या गोळ्या आणि खोकल्याचं औषध यांच्याबद्दलही विचारा, आणि उत्तर ऐकताना कपाळाला आठी पाडू नका. मेडिकलवाल्यांना विनंती: नालट्रेक्सोन देताना 'बीपीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत' एवढं जरूर विचारा. आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणी नालट्रेक्सोन घेत असेल, तर त्याच्या खिशात एक कागद ठेवा. त्यावर औषधाचं नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख, बीपीच्या सगळ्या गोळ्यांची नावं आणि दोन्ही डॉक्टरांचे फोन नंबर लिहा. कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवला की तो कागद सगळ्यात आधी टेबलावर ठेवा.